शिक्क्याची मुदत संपली, टेंडर हातचे गेले

संगणकावरील सर्टिफिकेटच्या तक्रारी: व्यापारी व कारागिरांनी काय पाहावे, काय टाळावे

२०१९ सालची गोष्ट आहे. वेल्हे तालुक्यातील एका वसतिगृहाला चादरी आणि गणवेशाचे कापड पुरवण्याचे इ-टेंडर निघाले होते. वेल्ह्याचे नाव आता राजगड तालुका झाले आहे, पण त्या वेळी कागदोपत्री वेल्हेच होते. भोरच्या आमच्या दुकानाने इचलकरंजी आणि भिवंडीचे भाव काढले, मालाची खात्री करून घेतली, अनामत भरली. शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत कागद चढवायचे होते. अकरा वाजता पुतण्याने डिजिटल सहीचे टोकन संगणकाला लावले, पिन टाकला आणि पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. अर्थ एवढाच, की सर्टिफिकेटची मुदत संपली आहे. आदल्या रात्रीच संपली होती.

भोरहून पुणे पन्नासेक किलोमीटर. तेथे जाऊन नवे सर्टिफिकेट काढायचे, ते टेंडरच्या संकेतस्थळावर पुन्हा नोंदवायचे, मग कागद चढवायचे, हे तीनच्या आत होणे शक्यच नव्हते. टेंडर गेले. आमचा भाव सर्वांत कमी होता की नाही हे आजही ठाऊक नाही, कारण आमचे पाकीट कोणी उघडलेच नाही.

नंतर शहानिशा केली तेव्हा कळले, की मुदत संपण्याच्या सूचना वेळेवर पाठवल्या गेल्या होत्या. पण दोन वर्षांपूर्वी ज्या मध्यस्थाकडून सर्टिफिकेट काढले, त्याने अर्जात आमच्या मोबाइलऐवजी स्वतःचा मोबाइल आणि स्वतःचा इ-मेल लिहिला होता. सूचना त्याला गेल्या. कसूर त्याची होतीच, पण अर्ज न वाचता सही करणारे आम्हीच होतो.

आपल्यापैकी बऱ्याच जणांची इंग्रजीशी ओळख उशिरा झाली. पडद्यावर इंग्रजी सूचना आली, की दोनच गोष्टी होतात. एक तर घाबरून संगणक बंद करायचा, नाही तर न वाचता पुढे जाण्याचे बटण दाबायचे. पहिल्याने काम अडते. दुसऱ्याने कधी कधी पैसे जातात. म्हणून या सूचनांचा अर्थ आपल्या भाषेत सांगावा, असे वाटले.

सर्टिफिकेट म्हणजे वजनमापावरचा शिक्का

आपल्या दुकानातील मीटरपट्टीवर वैधमापन खात्याचा शिक्का असतो. इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी तपासून घ्यावा लागतो. शिक्क्याची मुदत संपली त्या रात्री पट्टी काही आखूड होत नाही, काटा काही खोटे बोलू लागत नाही. पण निरीक्षक आला तर तो म्हणणार, शिक्का चालू नाही, हे माप चालणार नाही. संगणकावरचे सर्टिफिकेट हा असाच एक शिक्का आहे. एका मान्यताप्राप्त संस्थेने तपासून सांगितलेले असते, की ही सही अमक्या माणसाची आहे, किंवा हे संकेतस्थळ अमक्या नावाचे आहे, आणि ही ग्वाही या तारखेपासून त्या तारखेपर्यंत आहे.

आपल्या कामात हे सर्टिफिकेट दोन रूपांत येते. पहिले आपल्या स्वतःच्या सहीचे, जे टोकनमध्ये असते. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने डिजिटल सहीला कागदावरच्या सहीसारखी मान्यता दिली. या कायद्याखाली केंद्र सरकारचा एक नियंत्रक आहे. त्याच्या कार्यालयाला सीसीए म्हणतात. तो ज्यांना परवाना देतो त्याच संस्था आपल्याला सर्टिफिकेट देऊ शकतात. मुदत एक ते तीन वर्षांची. पूर्वी दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गाची अशी दोन प्रकारची सर्टिफिकेटे व्यापारी काढत असत. १ जानेवारी २०२१ पासून दुसऱ्या वर्गाची देणे बंद झाले. आता तिसऱ्या वर्गाचेच मिळते.

दुसरे रूप संकेतस्थळाच्या सर्टिफिकेटचे. बँक, जीएसटी, आयकर, रेल्वे अशा प्रत्येक ठिकाणाकडे ते असते. आपण पत्ता टाकताच ब्राउझर ते तपासतो आणि सर्व ठीक असेल तर मुकाट्याने पान उघडतो. काही चुकले तरच तो बोलतो.

प्रथम घड्याळ पाहा

गेल्या काही पावसाळ्यांत आमच्याकडे एक गंमत होत असे. वीज गेली आणि परत आली, की दुकानातला जुना संगणक सुरू व्हायचा, पण बँकेचे पान उघडेना. जीएसटीचे उघडेना. साधे वर्तमानपत्राचेही उघडेना. प्रत्येक ठिकाणी एकच तक्रार, सर्टिफिकेट चालू नाही. पुतण्याला वाटले विषाणू शिरला. दुरुस्ती करणाऱ्याने येऊन पडद्याच्या कोपऱ्यात बोट ठेवले. तारीख होती १ जानेवारी २००९.

संगणकाच्या आत, मदरबोर्डवर, नाण्याएवढी एक बॅटरी असते. वीज नसताना ती घड्याळ चालू ठेवते. ती संपली, की वीज जाताच संगणक तारीख विसरतो आणि मागे कुठे तरी जाऊन बसतो. मग आज दिलेले सर्टिफिकेट त्याला भविष्यातले वाटते. अजून सुरूच न झालेले कागद कसे मानायचे, असे म्हणून तो सगळ्यांना नाकारतो. बहुतेक संगणकांत सीआर २०३२ नावाची बॅटरी लागते. ती घड्याळाच्या दुकानातही मिळते. ती बदलली, तारीख दुरुस्त केली आणि तक्रार संपली.

म्हणून नियम असा, की सर्टिफिकेटची कोणतीही तक्रार आली तर आधी तारीख, वर्ष आणि वेळ पाहावी. विंडोजच्या सेटिंगमध्ये वेळ आपोआप जुळवण्याची सोय आहे, ती चालू ठेवावी. वेळेचा विभाग भारताचा, म्हणजे साडेपाच तासांचा असावा.

दुसरी परीक्षा मोबाइलची. तेच संकेतस्थळ मोबाइलवर, मोबाइलच्या स्वतःच्या इंटरनेटवर उघडून पाहावे. तेथे नीट उघडले तर बहुधा बिघाड आपल्या संगणकात आहे. दोन्हीकडे तीच तक्रार आली तर बहुधा बिघाड समोरच्याकडे आहे, आणि आपण आपल्या यंत्राशी झटापट करून उपयोग नाही.

सूचना काय म्हणते?

सूचना इंग्रजीत असली तरी तिच्यातला एखादा शब्द पकडला, की अर्थ लागतो.

सूचनेत डेट किंवा एक्स्पायर्ड हा शब्द असेल तर प्रश्न मुदतीचा आहे. आपले घड्याळ बरोबर असेल तर समोरच्या संकेतस्थळाने मुदत वाढवलेली नाही. अशा वेळी तेथे पासवर्ड किंवा कार्डाचा नंबर टाकू नये. काही तासांनी पाहावे, फार निकड असेल तर फोन करावा.

कॉमन नेम हे शब्द असतील तर सर्टिफिकेट एका नावाचे आणि पत्ता दुसऱ्या नावाचा आहे. ही सर्वांत गंभीर सूचना समजावी. आपण पत्त्यात एखादे अक्षर चुकवले असेल, किंवा कोणी पाठवलेल्या दुव्यावरून बँकेसारख्या दिसणाऱ्या बनावट पानावर पोहोचलो असू. पान बंद करावे आणि पत्ता स्वतःच्या हाताने पुन्हा लिहावा.

अथॉरिटी किंवा इश्युअर हे शब्द असतील तर शिक्का मारणाऱ्या संस्थेला आपला संगणक ओळखत नाही. जुन्या यंत्रांवर हे फार दिसते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेच्या साखळीतले एक जुने मूळ सर्टिफिकेट संपले. त्या दिवशी जगभर कितीतरी जुन्या संगणकांवर आणि उपकरणांवर चांगली संकेतस्थळे उघडेनाशी झाली. संकेतस्थळांची चूक नव्हती. यंत्रांकडे नवी यादी पोहोचलेली नव्हती. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० नंतर आधार देणे थांबवले. अजून त्याच यंत्रावर दुकानाचा हिशेब चालवणाऱ्यांनी या तक्रारी वाढतच जातील हे समजून असावे. परक्या ठिकाणच्या फुकट वायफायवर ही सूचना आली तर मात्र तेथे पैशांचा व्यवहार मुळीच करू नये.

रिव्होक्ड हा शब्द असेल तर देणाऱ्या संस्थेनेच शिक्का मुदतीआधी रद्द केला आहे. येथे पुढे जाण्याचा प्रश्नच नाही.

आणि एक गोष्ट विसरू नये. कुलपाचे चिन्ह दिसले, कोणतीही तक्रार आली नाही, म्हणजे समोरचा माणूस इमानदार आहे असे नाही. कुलूप एवढेच सांगते, की पत्त्यातले नाव आणि सर्टिफिकेटातले नाव एक आहे आणि मधला कोणी आपले बोलणे ऐकत नाही. ठगालाही स्वतःच्या नावाचे सर्टिफिकेट मिळू शकते.

एक अपवाद मात्र सांगितला पाहिजे. जीएसटीच्या संकेतस्थळावर टोकनने सही करायची तर एमसायनर नावाचे छोटे सॉफ्टवेअर आपल्या संगणकावर बसवावे लागते. ते चालू करताना ब्राउझर १२७.०.०.१ या पत्त्याबद्दल धोक्याची सूचना देतो. हा पत्ता बाहेरच्या कोणाचा नाही, आपल्याच संगणकाचा आहे. सॉफ्टवेअरने स्वतःच तयार केलेल्या सर्टिफिकेटला ब्राउझर ओळखत नाही, म्हणून ही तक्रार. सॉफ्टवेअर जीएसटीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घेतले असेल तर एवढ्या एका पत्त्यापुरती परवानगी देण्यास हरकत नाही. ते जुने असेल तर काढून नवे बसवावे. पण हीच सवय इतर पत्त्यांना लावू नये.

कागदावरचे पिवळे प्रश्नचिन्ह

नसरापूरच्या एका नव्या दुकानदाराने सुरतेच्या व्यापाऱ्याला उधारीवर माल मागितला आणि जीएसटी नोंदणीचे प्रमाणपत्र छापून पाठवले. तिकडून उत्तर आले, यावर तर सहीची खात्री झालेली नाही असे लिहिले आहे, हा कागद खोटा दिसतो. बिचारा हवालदिल झाला. कागद अगदी खरा होता.

जीएसटीचे प्रमाणपत्र, इ-आधार, डिजिटल सातबारा हे सर्व डिजिटल सहीचे दस्तऐवज आहेत. महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा १ मे २०१८ पासून लोकांना मिळू लागला. भोर आणि वेल्ह्याच्या खोऱ्यांत, जेथे एका सहीसाठी दिवस मोडून तलाठ्याची वाट पाहावी लागे, तेथे ही मोठीच सोय झाली. पण हे कागद संगणकावर उघडले, की पुष्कळदा सहीच्या जागी पिवळे प्रश्नचिन्ह दिसते आणि व्हॅलिडिटी अननोन किंवा सिग्नेचर नॉट व्हेरिफाइड असे शब्द येतात. याचा अर्थ सही खोटी आहे असा नाही. सही करणाऱ्याच्या वरच्या, अगदी मूळच्या शिक्क्याची आपल्या सॉफ्टवेअरला ओळख नाही, एवढाच अर्थ. तो शिक्का सीसीए इंडिया या नावाचा असतो आणि पुढे साल असते, उदाहरणार्थ सीसीए इंडिया २०२२.

ही ओळख करून देता येते. कागद अधिकृत संकेतस्थळावरून स्वतः उतरवावा आणि अॅक्रोबॅट रीडरमध्ये संगणकावर उघडावा. मोबाइलवरची पुष्कळ सॉफ्टवेअर सही तपासतच नाहीत. सहीवर टिचकी मारून सिग्नेचर प्रॉपर्टीज आणि त्यातून शो सायनर्स सर्टिफिकेट येथे जावे. शिक्क्यांची साखळी दिसेल. सर्वांत वरचे नाव सीसीए इंडिया आहे आणि खाली त्या त्या सरकारी खात्याचे किंवा अधिकाऱ्याचे नाव आहे, हे वाचून घ्यावे. मग वरचे नाव निवडून ट्रस्ट या भागातील अॅड टू ट्रस्टेड सर्टिफिकेट्स हे बटण दाबावे आणि सही पुन्हा तपासावी. हिरवी खूण येईल. एकदा केले, की त्या संगणकावर त्याच मूळ शिक्क्याखालचे पुढचे कागद सहसा आपोआप ओळखले जातात. मात्र कोणा अनोळखी माणसाने पाठवलेल्या कागदावर, नावे न वाचता, हे बटण दाबणे म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला दुकानाची किल्ली देणे आहे.

आता छापलेल्या कागदाचे. डिजिटल सही छापली, की ते फक्त तिचे चित्र उरते. छापताना पडद्यावर जे शब्द होते तेच कागदावर उतरतात. कागद खरा असो वा बनावट, छपाईवरून काहीच सिद्ध होत नाही. म्हणून समोरच्याला मूळ फाइल पाठवावी. जीएसटी नंबर तर कोणालाही जीएसटीच्या संकेतस्थळावर, खाते न उघडता, शोधून पाहता येतो. डिजिटल सातबाऱ्यावर पडताळणीसाठी क्रमांक दिलेला असतो. नसरापूरच्या दुकानदाराने सुरतेला फाइल पाठवली, नंबर शोधायला सांगितले, आणि माल आला.

आणखी एक शंका लोक विचारतात. सही केली तेव्हा सर्टिफिकेट चालू होते, आता संपले, मग जुना कागद रद्द झाला का? नाही. सही केली त्या दिवशी शिक्का चालू होता का, हे महत्त्वाचे. सॉफ्टवेअर कधी आजच्या तारखेने तपासते आणि तक्रार करते, तेव्हा सहीची तारीख पाहावी.

टोकन ही किल्ली आहे

आता पुन्हा आपल्या स्वतःच्या सर्टिफिकेटकडे येऊ. पहिला प्रश्न, ते हवेच आहे का? जीएसटीत कंपनी आणि एलएलपी यांना डिजिटल सही सक्तीची आहे. एकट्या मालकीचे दुकान किंवा भागीदारी पेढी असेल तर मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीनेही विवरण भरता येते. कोणी सांगितले म्हणून शिलाईच्या दुकानाने टोकन विकत घेण्याची गरज नाही. टेंडर भरणाऱ्याला मात्र ते लागते. आणि ओटीपीवर चालणाऱ्यांनीही शेवटच्या तारखेची वाट पाहू नये. वरंध घाटाच्या बाजूला किंवा पानशेतच्या मागच्या खोऱ्यात ओटीपी येईलच याचा भरवसा नसतो.

ज्यांना टोकन लागते त्यांनी पुढील गोष्टी पाळाव्यात.

अर्जात मोबाइल आणि इ-मेल स्वतःचाच लिहावा. मध्यस्थाने भरलेला अर्ज वाचल्याशिवाय सही करू नये.

सर्टिफिकेटची मुदत वाढत नाही, नवेच सर्टिफिकेट मिळते. त्यामुळे ते हाती आल्यावर जीएसटी, आयकर आणि टेंडरच्या संकेतस्थळावर पुन्हा नोंदवावे लागते. पुष्कळांची फसगत येथेच होते. टोकन नवे, पण संकेतस्थळ अजून जुन्याच सहीला ओळखते. म्हणून मुदतीआधी किमान एक महिना हे काम उरकावे.

मुदतीची तारीख दुकानाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहावी. टोकनवर चिठ्ठी चिकटवली तरी चालेल. पिनची चिठ्ठी मात्र कधीही चिकटवू नये.

टोकन आणि पिन दोन्ही दुसऱ्याच्या हाती ठेवू नये, मग तो कितीही विश्वासाचा असो. आपल्याकडे कित्येकांची टोकने वर्षानुवर्षे हिशेबनिसाच्या खणात पडलेली असतात. कोऱ्या धनादेशांवर सह्या करून ठेवण्यासारखेच हे आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४२ सांगते, की किल्ली सांभाळण्याची जबाबदारी सर्टिफिकेटधारकाची आहे. टोकन हरवले किंवा पिन फुटला तर सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेला ताबडतोब कळवावे लागते, आणि कळवेपर्यंतची जबाबदारी धारकावर राहते. भागीदार वेगळे झाले, व्यवस्थापक नोकरी सोडून गेला, तर त्याच्या नावाचे सर्टिफिकेट त्याच दिवशी रद्द करून घ्यावे.

मोठ्यांनाही चुकले आहे

आपणच अडाणी, असे कोणी समजू नये. ६ डिसेंबर २०१८ रोजी ब्रिटनमध्ये ओटू या मोबाइल कंपनीच्या कोट्यवधी ग्राहकांचे इंटरनेट दिवसभर बंद पडले. कारण काय, तर एरिक्सन या नामवंत कंपनीच्या सॉफ्टवेअरमधील एका सर्टिफिकेटची मुदत संपली होती आणि कोणाच्या लक्षात आले नव्हते. जपानमधील सॉफ्टबँकेलाही त्याच दिवशी तोच फटका बसला.

आपल्या देशात २०१४ च्या जुलैमध्ये याहून गंभीर प्रकार घडला. सरकारी संगणक यंत्रणा चालवणाऱ्या नॅशनल इन्फर्मेटिक्स सेंटरच्या सर्टिफिकेट शाखेतून गूगलच्या नावांची अनधिकृत सर्टिफिकेटे निघाल्याचे गूगलच्या ध्यानात आले. सीसीएने ३ जुलै २०१४ रोजी त्या शाखेची सर्टिफिकेटे रद्द केली. शिक्का मारणाऱ्याच्या हातूनही चूक होऊ शकते, म्हणूनच शिक्क्याला मुदत असते आणि तो मधेच रद्द करण्याची सोय असते.

ही मुदत पुढे आणखी आखडत जाणार आहे. संकेतस्थळांच्या सर्टिफिकेटची मुदत २०२० साली जास्तीत जास्त ३९८ दिवसांवर आणली गेली. ब्राउझर बनवणाऱ्या आणि सर्टिफिकेट देणाऱ्या कंपन्यांनी एप्रिल २०२५ मध्ये ठरवले, की १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ मध्ये त्याच तारखेपासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून अवघे ४७ दिवस. आपल्यापैकी ज्यांनी साड्यांचे किंवा कारागिरीच्या मालाचे स्वतःचे संकेतस्थळ काढले आहे, त्यांनी ते बनवणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा: सर्टिफिकेट आपोआप नवे होते, की कोणाला आठवण ठेवावी लागते? आठवणीवर चालणार असेल तर एक दिवस गिऱ्हाइकाला दुकानाच्या दारात धोक्याची पाटी दिसेल आणि तो परत फिरेल.

त्या टेंडरनंतर आमच्या दुकानात टोकन गल्ल्यात कुलूपबंद असते. मुदत संपण्याच्या दोन महिने आधी वहीत लाल शाईने खूण केलेली असते, आणि कोणतेही टेंडर भरण्याच्या चार दिवस आधी टोकन लावून एकदा सही करून पाहिली जाते. या तपासणीला पाच मिनिटेही लागत नाहीत. वाचक बांधवांनी आज दुकान बंद करण्यापूर्वी आपले टोकन काढून तारीख पाहून घ्यावी, आणि अर्जात कोणाचा मोबाइल नंबर लिहिला आहे तेही विचारावे.